मानमोडी : एका ‘साध्या’ तापाचा इतिहास

१/
१० जून १९१८. मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने आजारी होऊन दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक सरकारी गोदीवर होती. ताप हिवतापाचा नव्हता, एवढेच डॉक्टरांना सांगता येत होते. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत ताप येणे यात नवल ते काय? त्या नोंदीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

वर्ष सरेपर्यंत या तापाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली होती.

२/
जग त्याला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणते. महाराष्ट्राने त्याला स्वतःचे नाव दिले : मानमोडी. सर्वांग असे ठणके की रोग्याला मान धरवत नसे. जुन्या पिढीच्या आठवणींत आणि आत्मचरित्रांत ‘मानमोडीची साथ’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो.

आजचा थ्रेड या साथीविषयी आहे. दरवर्षी पावसाळ्यात आपल्याला गाठणाऱ्या फ्लूशी तिचे जे रक्ताचे नाते आहे, त्याविषयीही आहे.

३/
आधी नावाचा घोळ मिटवू. या साथीचा उगम स्पेनमध्ये झाला नाही. पहिले महायुद्ध चालू होते. लढणाऱ्या देशांत वृत्तपत्रांवर निर्बंध होते; सैन्यात साथ पसरली आहे हे छापणे म्हणजे शत्रूला बातमी पुरवणे. स्पेन मात्र तटस्थ होता. तेथील वृत्तपत्रांनी साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापल्या. राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडल्याचेही छापले. ज्याने खरे सांगितले, त्याच्याच नावावर रोग चढला.

४/
रोगाचा उगम नेमका कुठे झाला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या कॅम्प फन्स्टन या लष्करी तळावर शेकडो सैनिक आजारी पडले. ठळकपणे नोंदलेला आरंभीचा उद्रेक तो. तेथून सैन्याच्या जहाजांबरोबर ताप युरोपच्या आघाडीवर पोहोचला आणि युद्धाच्या दळणवळणातूनच पुढे जगभर गेला.

मुंबई हे त्या दळणवळणातले मोठे बंदर होते. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर फौजा येथूनच जात आणि येथेच परतत.

५/
मुंबई महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचे म्हणणे असे की, मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजातून हा रोग शहरात उतरला. जूनच्या मध्याला गोदीतले कामगार, पोर्ट ट्रस्टचे नोकर, तारखाते, टाकसाळ, गिरण्या अशी एकेक ठिकाणे आजारी पडत गेली. जुलैच्या आरंभी शहरातील रोजच्या मृत्यूंचा आकडा २३० वर गेला. मग साथ ओसरली.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ताप आला, गेला. मेले ते बहुधा म्हातारे, लहान मुले आणि आधीच खंगलेले. म्हणजे नेहमीचेच.

६/
सप्टेंबरमध्ये तो परतला, तेव्हा त्याचे रूप पालटले होते.

या दुसऱ्या लाटेत धडधाकट माणसे दोनचार दिवसांत जाऊ लागली. फुप्फुसांत पाणी भरे, श्वास कोंडे, ओठ आणि चेहरा निळसर पडे. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. स्मशाने आणि कबरस्ताने अपुरी पडली.

७/
मुंबईहून आगगाडीने हा रोग देशभर नेला. घाट चढून तो दख्खनमध्ये आला, गुजरातेत गेला, मध्य प्रांतात पोहोचला. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे गेली असा अंदाज आहे. उत्तरेत गंगेच्या पात्रात प्रेते तरंगत होती. हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांनी या साथीत पत्नी आणि अनेक आप्त गमावले. पुढे ‘कुल्ली भाट’ या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले.

८/
येथे समाजमाध्यमांवर फिरणारी एक चूक दुरुस्त करू. ‘१९१८ मध्ये गांधीजींनाही स्पॅनिश फ्लू झाला होता’ असे वारंवार वाचायला मिळते. त्या वर्षी ते मरणाच्या दारी जाऊन आले हे खरे. पण त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितल्याप्रमाणे तो आजार आमांशाचा होता. फ्लूचा घाला त्यांच्या कुटुंबावर निराळ्या रीतीने पडला : थोरले पुत्र हरिलाल यांची पत्नी गुलाब या साथीत गेली.

९/
आता या साथीचे सर्वांत चमत्कारिक लक्षण पाहू. एरवीचा फ्लू दोन टोकांना मारतो : तान्ही मुले आणि वृद्ध. वयाप्रमाणे मृत्यूंचा आलेख काढला, तर तो इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. १९१८ चा आलेख ‘डब्ल्यू’सारखा होता. मधले टोक वीस ते चाळीस वयोगटाचे. घरातली कर्ती माणसेच गेली.

१०/
असे का झाले? एक तर्क असा की, तरुण शरीराची प्रतिकारशक्ती इतकी जोरात उसळली की तिनेच फुप्फुसांची हानी केली. दुसरा तर्क असा की, वृद्धांच्या शरीराला बालपणी अशाच एखाद्या विषाणूची ओळख झाली होती. १९१८ ची तरुण पिढी वेगळ्या विषाणूवर वाढली होती. वाद अजून मिटलेला नाही.

एक गोष्ट मात्र पुढे स्पष्ट झाली. जतन करून ठेवलेल्या ऊतींचे नमुने तपासले तेव्हा दिसले की, बहुसंख्य मृत्यू फ्लूपाठोपाठ आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले होते. विषाणूने दार उघडले आणि जीवाणू आत शिरले.

११/
त्या वेळी डॉक्टरांच्या हाती काय होते? जवळजवळ काहीच नव्हते. प्रतिजैविके आली नव्हती. रोगाचे कारण म्हणून रिखार्ड फायफर यांनी १८९२ मध्ये सांगितलेल्या एका जीवाणूकडे बोट दाखवले जाई. ते निदान चुकीचे ठरले. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ मध्ये, लंडनला. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर प्रयोग करून तो ओळखला.

१९१८ चे डॉक्टर ज्याच्याशी लढत होते, तो शत्रू त्यांना दिसतच नव्हता.

१२/
सरकारने काय केले, हे समजण्यासाठी बावीस वर्षे मागे जावे लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, माणसे उचलून नेली. पुण्यात त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला.

१९१८ मध्ये तशी दडपशाही झाली नाही. पण तिच्या जागी पुरेशी मदतही उभी राहिली नाही. अनेक डॉक्टर युद्धावर होते, आणि फ्लू प्लेगपेक्षा कितीतरी वेगाने पसरत होता. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत माणूस आजारी पडतो. तोवर त्याने इतरांना रोग दिलेलाही असतो.

१३/
ही पोकळी लोकांनी भरली. मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातींचे आणि धर्मांचे मंडळे-न्यास, व्यापारी आणि विद्यार्थी पुढे आले. औषधे वाटली गेली, तात्पुरती रुग्णालये उघडली गेली, प्रेतांची व्यवस्था लावली गेली. गुजरातेत होमरूल चळवळीतले तरुण खेडोपाडी औषधे घेऊन फिरले.

संकटात सरकार दिसले नाही आणि शेजारी दिसला, हा अनुभव पुढच्या राजकारणात वाया गेला नाही, असे अनेक इतिहासकार मानतात.

१४/
आता या थ्रेडचा गाभा. मुंबईत १९१८ च्या साथीतले मृत्यू समाजगटांनुसार नोंदले गेले. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण असे होते :

युरोपीय : ८.३
पारशी : ९.०
भारतीय ख्रिस्ती : १८.४
सवर्ण हिंदू : १८.९
मुसलमान : १९.२
तत्कालीन नोंदींत ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले, ते : ६१.६

१५/
हे आकडे पुन्हा एकदा वाचा. एकच शहर, तेच महिने, तोच विषाणू. आणि मलबार टेकडीवरचा युरोपीय व चाळीतला दलित कामगार यांच्या मृत्युदरात सातपटींहून अधिक अंतर. सवर्ण हिंदूंशी तुलना केली, तरी तिपटीहून अधिक.

विषाणूला जात कळत नाही. पण एका खोलीत किती माणसे झोपतात, पाण्याचा नळ किती दूर आहे, आजारपणात रजा मिळते की रोज बुडतो, पोटात अन्न आहे की नाही, हे सारे जातीवरून ठरत होते. विषाणू त्या वाटेने आत आला.

१६/
त्यात १९१८ चा पावसाळा दगा देऊन गेला. तो शतकातल्या सर्वांत कोरड्या पावसाळ्यांपैकी एक होता. पिके करपली. युद्धामुळे धान्य आधीच महाग झाले होते, त्यात भाव आणखी चढले. भुकेली माणसे खेड्यांतून शहरांकडे निघाली आणि शहरांत ताप वाट पाहत होता. पुढे कर्ती माणसे अंथरुणाला खिळल्यामुळे रब्बीची पेरणीही अनेक ठिकाणी रखडली. दुष्काळाने साथीला बळ दिले आणि साथीने दुष्काळाला.

१७/
आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात मेल्या. कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. रोग्याच्या उशाशी बसायचे ते स्त्रीने. घरात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवायचे ते स्त्रीने. स्वतःला ताप चढला तरी चूल पेटवायची तीही तिनेच. गर्भारपणात फ्लू विशेष घातक ठरतो हे आज वैद्यकाला ठाऊक आहे. तेव्हा ते घरोघरी भोगले गेले.

१८/
एकूण किती माणसे गेली? पहिला सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो सव्वा कोटीकडे सरकला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटी ते दोन कोटी यांच्या दरम्यान आहेत.

एवढी तफावत का? खेड्यांत मृत्यूची नोंद ठेवणारी माणसे वैद्य नव्हती. नोंदवहीत ‘ताप’ असा एकच रकाना होता आणि मानमोडी, हिवताप सारे त्यातच जाई. शिवाय अनेक गावांत नोंद करणारा स्वतःच आजारी होता किंवा मेला होता. म्हणून इतिहासकार त्या वर्षाची तुलना आधीच्या वर्षांशी करून ‘जादा मृत्यू’ मोजतात.

१९/
जनगणनेत मात्र हा घाव लपला नाही. आजच्या भारताच्या सीमांपुरते पाहिले, तर १९११ मध्ये लोकसंख्या २५.२१ कोटी होती. १९२१ मध्ये ती २५.१३ कोटी भरली. जनगणनेच्या इतिहासात दशकभरात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव उदाहरण. भूगोलाच्या पुस्तकात १९२१ ला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात. परीक्षेसाठी आपण ते पाठ करतो. त्या शब्दामागे मानमोडी उभी आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

२०/
मग तो विषाणू गेला कुठे? तो कुठेही गेला नाही.

१९१८ चा विषाणू ‘एच१एन१’ प्रकारचा होता. साथ ओसरल्यावर तो माणसांतच राहिला, सौम्य होत गेला आणि १९५७ पर्यंत दरवर्षीचा हंगामी फ्लू म्हणून वावरला. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींच्या विषाणूंत त्याचेच काही जनुक होते. १९७७ मध्ये एच१एन१ पुन्हा अवतरला. २००९ च्या ‘स्वाइन फ्लू’तही डुकरांमार्गे आलेला त्याचा वारसा होता. माणसांत आज फिरणारा ‘ए’ गटाचा फ्लू एका अर्थी मानमोडीचाच वंशज आहे.

२१/
हे इतक्या खात्रीने कसे कळते? अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीत १९१८ च्या मृतांना कायम गोठलेल्या जमिनीत पुरले होते. योहान हुल्टिन १९५१ मध्ये तेथे गेले. तेव्हा विषाणू हाती लागला नाही. १९९७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, ते गावकऱ्यांची परवानगी घेऊन पुन्हा गेले आणि फुप्फुसाचे नमुने घेऊन आले. जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नमुने व लष्करी संग्रहातील जुन्या ऊती यांच्या आधारे २००५ पर्यंत विषाणूची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून काढली.

२२/
मानमोडीचा हा वंशज महाराष्ट्राने २००९ मध्ये पाहिला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला; स्वाइन फ्लूचा देशातील तो पहिला नोंदलेला बळी. पुढच्या काही दिवसांत शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे नायडू रुग्णालयासमोर रांगा लावून उभी राहिली. नमुन्यांची तपासणी त्याच शहरातील राष्ट्रीय विषाणू संस्थेत होत होती.

ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक साथ संपल्याचे जाहीर झाले. विषाणू मात्र राहिला. आज तो हंगामी फ्लूच्या विषाणूंपैकीच एक आहे.

२३/
‘हंगामी’ म्हणजे काय? थंड प्रदेशांत फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यात त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, आणि जानेवारी ते मार्चमध्ये आणखी एक उठाव दिसतो. श्रीनगरमध्ये मात्र तो हिवाळ्यातच येतो.

दरवर्षी तो परत का येतो? कारण तो दरवर्षी थोडा बदलतो. त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने हळूहळू रूप पालटतात आणि आपल्या शरीराने लक्षात ठेवलेला चेहरा जुना होतो. क्वचित प्राण्यांतल्या विषाणूशी जनुकांची अदलाबदल होऊन अगदीच अनोळखी चेहरा तयार होतो. मग १९५७ किंवा १९६८ सारखी जागतिक साथ येते.

२४/
म्हणूनच फ्लूची लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी कोणते विषाणू निवडावेत ते सांगते. लस घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो. पण आजार गंभीर होण्याची शक्यता ती घटवते.

संघटनेच्या अंदाजानुसार जगात हंगामी फ्लूमुळे दरवर्षी ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी पडतात आणि श्वसनाच्या विकारांनी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार मृत्यू होतात. हे एखाद्या महाभयंकर वर्षाचे आकडे नव्हेत; हे ‘साध्या’ वर्षाचे आहेत.

२५/
धोका कोणाला अधिक? गर्भवती, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, आणि दमा, मधुमेह, हृदयविकार असे दीर्घ आजार असलेले लोक. त्यांची शुश्रूषा करणारे आरोग्य कर्मचारीही त्यांत येतात.

१९१८ ने शिकवलेली एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ताप उतरून माणूस सुधारू लागला आणि पुन्हा ताप चढला, खोकला वाढला, तर विषाणूमागून न्यूमोनिया आला असण्याची शक्यता असते. धाप लागणे, छातीत दुखणे, भ्रम होणे, ओठ निळसर पडणे या खुणा दिसल्या, तर घरी थांबू नये. त्या काळच्या रोग्याला डॉक्टरांकडे नेऊनही उपाय नव्हता. आज विषाणूविरोधी औषधे आहेत, आणि ती पहिल्या दोन दिवसांत सुरू केली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. प्रतिजैविके आहेत. प्राणवायू आहे.

२६/
मात्र ही साधने सर्वांपर्यंत सारखी पोहोचतात का? १९१८ चा ६१.६ हा आकडा आपल्यापुढे हाच प्रश्न ठेवतो. अंगात ताप असताना घरी थांबणे हा फ्लू रोखण्याचा सर्वांत जुना आणि सोपा उपाय. पण रोजंदारीवरच्या माणसाला तो परवडतो का? खेळत्या हवेची खोली, पोटभर अन्न, वेळेवर डॉक्टर या गोष्टींना आपण सोयी म्हणतो. मानमोडीच्या नोंदवह्यांत त्यांच्या अभावाने माणसे मेलेली दिसतात.

२७/
एवढी मोठी आपत्ती आपण विसरलो कशी? पुतळे वीरांचे उभारले जातात. तापाने गेलेल्यांचे स्मारक कोण बांधणार? प्लेगच्या आठवणीला रँडचा वध आणि चापेकर बंधू मिळाले. मानमोडीला नायक मिळाला नाही, खलनायकही मिळाला नाही. ती घराघरांत आली, घराघरांतून माणसे घेऊन गेली आणि वंशावळीतल्या एखाद्या तुटलेल्या रेषेपुरती उरली.

२८/
आपल्या घरी जुनी वंशावळ असेल, तर ती काढून पाहा. १९१८ च्या अश्विन-कार्तिकात एकाएकी थांबलेले एखादे नाव सापडेल. बहुधा तरुण, कदाचित एखादी बाळंतीण. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘मानमोडी’ हा शब्द ऐकला आहे का, ते विचारा आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. नोंदवहीत ज्यांच्या नावापुढे केवळ ‘ताप’ एवढेच लिहिले गेले, त्यांचा इतिहास आता अशा आठवणींतच उरला आहे.

थ्रेड समाप्त.